मागचं अंगण मोकळं करताना: जुनी फरशी, कोबा आणि लव्हाळा

जुन्या घरांच्या मागच्या अंगणाचं चित्र बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वी टाकलेली शहाबादी फरशी, नळाजवळ कोब्याचा, म्हणजे सिमेंट-काँक्रीटच्या थराचा एक तुकडा, कोपऱ्यात सिमेंटच्या पत्र्यांची शेड, आणि या सगळ्याच्या सांध्यासांध्यांतून वर आलेलं गवत. घरमालक दोन गडी लावतो, दोन दिवसांत सगळं उखडून घेतो, ट्रॉलीभर लाल माती आणून पसरतो. मृगाचा पाऊस पडतो आणि पंधरा दिवसांत अख्खं अंगण लव्हाळ्याने भरतं.

घोटाळा बहुधा कामाच्या क्रमात झालेला असतो. फरशी फोडताना गवताच्या गाठी मातीत कालवल्या जातात, राडारोडा आणि गवत एकाच ढिगात पडतं आणि तोच ढीग पुढे खड्डे बुजवायला वापरतात. इथे दिलेला क्रम २०० ते ५०० चौरस फुटांच्या अंगणासाठी आहे. काम मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू करावं. एप्रिल-मे महिन्यांचं ऊन हे या कामातलं सगळ्यात स्वस्त हत्यार आहे आणि ते हातचं घालवलं तर नंतर कुदळीने भरून निघत नाही. पावसाळ्यात अंगण उखडायला काढू नका. तेव्हा फक्त वरचं गवत विळ्याने कापत राहा.

आधी गवत ओळखा

कुठलं गवत आहे यावर पुढची सगळी मेहनत ठरते, म्हणून एक-एक झाड मुळासकट उपटून हातात घ्या.

दांडा दोन बोटांत धरून फिरवा. तीन धारा लागल्या तर तो लव्हाळा. पानं गडद हिरवी, चकचकीत, बुडातून तीन दिशांना फुटलेली, फुलोरा तपकिरी-तांबूस. खाली हरभऱ्यापासून बोरापर्यंतच्या आकाराच्या काळपट, केसाळ गाठी असतात आणि त्या बारीक दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. गाठ फोडली की आत पांढरा गर आणि उटण्याचा वास येतो. उटण्यात घालतात तो नागरमोथा म्हणजे याच कुळातल्या गाठी.

दांडा गोल, पेरापेरांचा आणि जमिनीवर सरपटत प्रत्येक पेराला मूळ धरणारा असेल तर ती हरळी, म्हणजेच दूर्वा. फुलोरा पक्ष्याच्या पंजासारखा, तीन ते सहा बोटांचा.

गाजरासारखी कातरलेली पानं आणि बारीक पांढरी फुलं म्हणजे गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. भारतात त्याची नोंद १९५५च्या सुमारास पुण्यात झाली आणि आयात धान्याबरोबर ते आलं असं मानलं जातं. त्याला खाली गाठ-बीठ काही नसते, एकच सोटमूळ असतं. पण एक झाड हजारोंनी बी टाकतं.

काळ्या जमिनीत चौथा गडी भेटतो तो कुंदा. त्याच्या मुळ्या कित्येक फूट खोल जातात, त्यामुळे घरगुती खोदाईने तो संपत नाही. अंगणात कुंदा असेल तर तेवढ्या भागात लागवडीचा हट्ट सोडून जाड आच्छादन किंवा फरशी घालणं जास्त शहाणपणाचं.

घण उचलण्यापूर्वी

गाजर गवत असेल तर ते सगळ्यात आधी, फुलांवर येण्यापूर्वी उपटून घ्या. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क घालूनच. याच्या संपर्काने अंगाला खाज सुटते, परागकणांनी दम्याचा त्रासही वाढतो. फुलं आलेली असतील तर आधी झाडावर पाणी शिंपडा, फुलोऱ्याची बाजू पिशवीत घाला आणि मगच झाड उपटा. फुललेलं गाजर गवत कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका.

मग जमिनीखाली काय आहे ते पाहा. ड्रेनेजच्या दोन चेंबरमध्ये सरळ दोरी धरली की पाइप साधारण त्याच रेषेत असतो. पाण्याची जुनी लोखंडी लाइन बहुतेक वेळा नळाच्या उभ्या पाइपापासून टाकीकडे जाते आणि काही ठिकाणी फक्त सहा इंच खाली असते. अर्थिंगचा खड्डा, बोअरची केबल, बागेतल्या दिव्याची वायर यांच्या जागा खडूने आखून ठेवा. आखलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एक-एक फूट घण किंवा ब्रेकर चालवायचा नाही, तिथे छन्नी-हातोडाच.

घराच्या भिंतीला लागून असलेला दोन-अडीच फुटांचा कोब्याचा पट्टा मात्र काढू नका. मिस्त्री त्याला प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. छपराचं आणि अंगणाचं पाणी पायाजवळ मुरू नये म्हणून तो असतो. काळ्या मातीत हा मुद्दा फारच महत्त्वाचा, कारण ती माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि भिंतीला तिरक्या भेगा जातात. पट्टा खराब झाला असेल तर तो तुकड्या-तुकड्याने काढून लगेच नवा करा. तो उघडा ठेवून पावसाळ्यात जायचं नाही.

हत्यारं अशी लागतील: पाच फुटी पहार, पाच किलोचा घण, हातोडा आणि दोन छन्न्या, टिकाव, फावडं, घमेली, खुरपं, विळा, चार दात्यांचा बागेतला काटा, पाव इंची जाळीची वाळूची चाळण, दोन ताडपत्र्या. अंगावर गमबूट, जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि एन-९५ मास्क. रुमाल बांधून फरशी कापू नका. दगड-सिमेंटची बारीक धूळ रुमालातून सहज आत जाते आणि फुप्फुसात कायमची राहते.

शहाबादी फरशी अखंड काढायची

कर्नाटकातल्या शहाबादच्या नावाने ओळखली जाणारी ही फरशी चुनखडीचा दगड आहे आणि जुनी जाड फरशी फोडून टाकणं म्हणजे पैसे राडारोड्यात टाकणं. अंगणातली वाट, तुळशीभोवतीचा चौथरा, धुण्याची जागा यांना ती पुन्हा वापरता येते. दोन बाय दोन फूट, एक इंच जाडीची लादी साधारण २५ किलो भरते, तेव्हा ती उचलायला दोन माणसं धरा.

हातोड्याच्या लाकडी दांड्याने प्रत्येक लादी ठोकून पाहा. पोकळ वाजते ती आधी निघते. सुरुवात अंगणाच्या मोकळ्या कडेकडून करा. सगळीकडून बंदिस्त असेल तर मधली एक आधीच फुटकी लादी फोडून जागा करून घ्या. एकीचा बळी दिला की बाकीच्या वाचतात.

सांधे चुन्याचे असतील तर छन्नीने सुटतात. सिमेंटचे असतील तर चार इंची ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून सांधा एक इंच खोल कापा आणि कापण्यापूर्वी तो ओला करून घ्या म्हणजे धूळ कमी उडेल. विजेचं हत्यार आणि ओली जमीन एकत्र येते आहे, म्हणून बोर्डावर ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय हे करू नका आणि एक्स्टेन्शनचा जोड पाण्यापासून वर टांगून ठेवा.

आता पहारीचं चपटं टोक लादीखाली सरकवा आणि पहारीखाली लाकडी ठोकळा टेकू म्हणून ठेवा. एका बाजूने अर्धा इंच उचला, मग शेजारच्या बाजूने अर्धा इंच. एकाच कडेला जोर लावला की लादी मधून मोडते किंवा तिचा पापुद्रा सुटतो, कारण हा दगड थराथरांचा आहे. फट झाली की त्यात विटेचा तुकडा सरकवा, बोटं घालू नका, आणि मिनिटभर थांबून बॅटरीने आत पाहा. जुन्या फरशीखाली विंचू हमखास असतात, कोकणात तर लाल विंचू, आणि राडारोड्याच्या ढिगात मण्यार-घोणसही आसरा घेतात. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यात वेळ न घालवता १०८ला फोन करून दवाखाना गाठायचा.

काढलेल्या लाद्या आडव्या एकावर एक रचल्या की खालच्या तडकतात. त्या लाकडी पट्ट्यांवर उभ्या, भिंतीला थोड्या कलत्या लावून ठेवा. मागचा चुना छन्नीने खरवडून, पाणी मारून ब्रशने घासा. संडास धुवायचं ॲसिड याला लावू नका. चुनखडीचा दगड ॲसिडने फसफसतो आणि वरची गुळगुळीत बाजू खडबडीत होते.

कोबा फोडताना

नवखा माणूस कोब्याच्या बरोबर मध्ये उभा राहून घण घालतो. खालची माती तो मार पिऊन टाकते, वर नुसता पांढरा डाग पडतो आणि दहा मिनिटांत खांदे भरून येतात.

त्याऐवजी आधी कड शोधा आणि टिकावाने त्या कडेखालची माती सहा-आठ इंच आतपर्यंत काढून पोकळी करा. मग कडेपासून चार-सहा इंच आत घण मारा. खाली आधार नसल्याने तुकडा सरळ मोडून पडतो. तुकडे बाजूला, पुन्हा पोकळी, पुन्हा घण. भिंतीलगतचा पट्टा ठेवायचा असेल तर त्याच्या रेषेवर ग्राइंडरने एक-दीड इंच खोल काप आधी घेऊन ठेवा, नाहीतर भेग थेट पट्ट्यात शिरते.

कोबा तीन इंचांपेक्षा जाड असेल किंवा आत जाळी-सळई निघाली तर भाड्याने ब्रेकर आणा. ब्रेकरचं टोक सरळ उभं खुपसलं की ते अडकतं आणि काढता काढता अर्धा तास जातो. हत्यार थोडं कडेकडे कलतं धरा आणि कडेपासून तीन-चार इंचांवरच चालवा.

निघणाऱ्या मालाचा हिशेब आधीच मांडा, कारण इथे सगळ्यांचा अंदाज चुकतो. १०० चौरस फूट, तीन इंच जाडीचा कोबा म्हणजे २५ घनफूट माल आणि वजन साधारण १,६०० किलो. फोडल्यावर तो फुगून ३५ ते ४० घनफूट जागा खातो. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत उचलण्याजोगं २५ किलो भरलं तर साठ-पासष्ट गोण्या झाल्या. लोक ज्याला छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोच्या दोन-तीन फेऱ्या. एका फेरीत कोंबायचा आग्रह टेम्पोवाल्याकडे धरू नका.

शेडचे सिमेंट पत्रे

जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड आहे तोवर धोका कमी. फोडला, कापला, घासला, झाडला की तंतू हवेत येतात आणि त्यांनी होणारे फुप्फुसाचे आजार वीस-तीस वर्षांनी दिसतात. दुसरा धोका लगेचचा आहे: जुन्या पत्र्यावर पाय ठेवला की माणूस आरपार खाली पडतो. म्हणून हे काम अनुभवी माणसाकडून करून घ्या आणि तो कसं करतो त्यावर नजर ठेवा. पत्र्यावर उभं राहायचं नाही, वाशांवर आडव्या फळ्या टाकून त्यांवर उभं राहायचं. आधी पत्रे पाण्याने भिजवायचे. पत्रे वाशांना धरून ठेवणारे गंजलेले जे-हुक (वाकडे आकडे) पत्र्यावर हातोडा न मारता, नट ऑइल लावून किंवा कापून सोडवायचे. पत्रा अखंड खाली द्यायचा, वरून टाकायचा नाही. खाली पडलेले बारके तुकडे ओल्या फडक्याने टिपून जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधायचे. हा माल राडारोड्यात मिसळायचा नाही, अंगणात पुरायचा तर मुळीच नाही. विल्हेवाटीसाठी पालिकेच्या घनकचरा विभागाला विचारा.

ढीग तीन, एकत्र नाही

एक ढीग दगड-विटा-कोब्याचा, एक गवताचा आणि एक मातीचा. हे तीन ढीग तीन वेगळ्या ताडपत्र्यांवर किंवा फरशीवर ठेवले नाहीत तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. कोब्याचे मुठीएवढे तुकडे नव्या वाटेखाली भरावाला चालतात, पण त्यांना चिकटलेली माती आधी झटकून काढा. त्या मातीत गाठी असतात.

उरलेला राडारोडा नाल्यात, मोकळ्या प्लॉटवर, टेकडीच्या पायथ्याशी टाकणं बेकायदा आहे. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे; इतर शहरांत क्षेत्रीय कार्यालयात विचारून पैसे भरून माल उचलून नेता येतो. टेम्पोवाल्याला ‘कुठेही टाक’ म्हणू नका.

लव्हाळा: खरं काम इथे आहे

लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी वरच्या सहा-आठ इंचांत असतात, काही एक फुटापर्यंत. माळेतली टोकाची गाठ फुटलेली असते तोवर मागच्या गाठी झोपलेल्या राहतात. माळ तुटली की झोपलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र झाड म्हणून उठते. हाताने उपटलेला लव्हाळा दुप्पट का होतो, याचं उत्तर हे आहे. माती घुसळणारा रोटाव्हेटर फिरवला की तेच होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर.

म्हणून माळ अखंड निघेल अशी माती हवी, आणि ती वाफशावरच, म्हणजे मातीत ओल आहे पण चिखल नाही अशा वेळीच मिळते. खोदाईच्या तीन-चार दिवस आधी जमिनीला भरपूर पाणी द्या. मग मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटाने टोचा. गोळा सुटून पडला तर वाफसा आला. बोटाला चिखल लागला तर अजून थांबा, गोळाच झाला नाही तर पुन्हा पाणी द्या. कोरड्या काळ्या मातीत खणलं तर ढेकळं निघतात, गाठी ढेकळाच्या पोटात सुखरूप राहतात आणि माळा तटातटा तुटतात.

एका कडेला एक फूट रुंद, दहा इंच खोल चर खणा आणि ती माती ताडपत्रीवर काढा. आता चराच्या भिंतीत पुढची सहा इंच माती काट्याने खालून उचला, चरात हलवून मोकळी करा आणि गाठींची माळ दोऱ्यासारखी हाताने ओढत तिच्या टोकापर्यंत जा. माळ आडवी जाते तसं तिच्यामागे जायचं, आपल्या सोयीने सरळ रेषेत खणायचं नाही. मोकळी झालेली माती चाळणीवर टाका. पाव इंची जाळीवर बहुतेक गाठी राहतात, हरभऱ्याएवढ्या काही निसटतात. त्यांचा हिशेब पुढे होईल. चाळलेली माती मागच्या चरात. अशा रीतीने चर पुढे सरकत जातो, पहिल्या चराची माती शेवटच्या चरात पडते.

नवख्या माणसाने एका सकाळी तीस-चाळीस चौरस फुटांपेक्षा जास्त धरू नये. आंब्या-फणसाच्या किंवा जुन्या झाडाच्या बुंध्याजवळ खोल खोदू नका; तिथे खुरप्याने वरचे चार इंचच काढा.

गाठी मातीवर ठेवायच्या नाहीत, गच्चीवर किंवा कोब्यावर एकेरी थरात पसरायच्या आणि रोज हलवायच्या. कडक उन्हात आठ-दहा दिवस लागतात. वळवाचा पाऊस आला की आत घ्या, एका भिजण्यात सगळं पाणी परत पितात. वाळल्या की नाही ते पाहायला पाच-सहा गाठी सुरीने कापा. आत पांढरं आणि वास येत असेल तर अजून जिवंत आहेत. तपकिरी, पोकळ, खडखडीत झाल्या असतील तर मेल्या. शंका असेल तर दहा गाठी ओल्या फडक्यात बांधून दोन आठवडे ठेवा, मटकीला मोड आणतो तसं. एकीलाही मोड आला नाही तर ढीग सुक्या कचऱ्यात द्या. कंपोस्टमध्ये वाळलेल्याही नकोत.

आता चाळणीतून निसटलेल्यांचा हिशेब. जमीन सपाट करून हलकं पाणी द्या आणि आठ-दहा दिवस काहीही करू नका. हिरवे सुईसारखे कोंब येतील. प्रत्येक कोंबाच्या बाजूने खुरपं सहा इंच खाली घालून गाठीसकट उचला. मग पुन्हा पाणी, पुन्हा आठ-दहा दिवस. मेअखेरपर्यंत अशा तीन फेऱ्या सहज बसतात आणि प्रत्येक फेरीत कोंब आधीपेक्षा कमी निघतात. पहिल्या फेरीला अंगण हिरवं दिसलं म्हणून खचून जाऊ नका. उघड्यावर आलेली गाठ ही सापडलेली गाठ असते.

झाडाला पाच-सहा पानं होण्याआधी ते निघायला हवं, हे एक माप लक्षात ठेवा. त्यानंतर ते खाली नव्या गाठी धरायला लागतं.

हरळीला वेगळी वागणूक

हरळीला गाठ नसते, पेर असतं, आणि प्रत्येक पेर हे बियाणं. म्हणून फावड्याने किंवा कुदळीने तुकडे करू नका. आधी विळ्याने वरची हिरवळ कापून दाताळ्याने ओढून घ्या. मग काट्याने जमीन खालून सैल करून वेल आणि खालच्या पांढऱ्या टोकदार मुळ्या लांबच्या लांब ओढा. लव्हाळ्यासारखंच कोब्यावर वाळवा.

हरळीवर एप्रिल-मे महिन्यांत प्लास्टिकचा उपायही चालतो. जमीन ओली करा, २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक कागद मातीला चिकटून अंथरा, चारी कडा मातीत सहा इंच पुरा आणि पाच-सहा आठवडे ठेवा. काळा कागद इथे कमी पडतो. पारदर्शकातून ऊन आत शिरून माती तापते. गाजर गवताचं आणि इतर हंगामी तणांचं बीही यात मरतं. वरची हरळी जाते, खोलवरची थोडी उरते. लव्हाळ्यावर मात्र यावर भरवसा ठेवू नका. खालच्या गाठी वाचतात आणि त्याचे कोंब पातळ कागदाला भोक पाडून वर येतात.

सगळी हरळी काढून टाकलीत आणि भाद्रपदात दूर्वा विकत आणाव्या लागल्या असं होऊ नये म्हणून एक पसरट कुंडी भरून ठेवा. कुंडी फरशीवर ठेवा, मातीवर नाही.

औषधं आणि घरगुती जालीम उपाय

मीठ, डिझेल, ॲसिड यांतलं काहीही ओतू नका. मिठाने गवत मरतं आणि त्याबरोबर ती जागाही काही वर्षं जाते, शिवाय खारं पाणी शेजारच्या झाडांना आणि कोब्यातल्या सळईला लागतं. उकळतं पाणी फरशीच्या सांध्यातल्या कोवळ्या तणांना ठीक आहे, गाठींपर्यंत त्याची धग पोचत नाही.

पॅराक्वाट हे तणनाशक फक्त पानं जाळतं, आणि पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. घरात आणूच नका. ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक पानांतून खाली उतरतं, पण २०२२च्या आदेशात केंद्र सरकारने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित ठेवला आहे. असा माणूस बोलावलात तर दोन गोष्टी पाहा. गढूळ पाण्यात कालवलेलं ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं. आणि फवारल्यावर गवत दुसऱ्याच दिवशी कापलं तर औषध खाली उतरतच नाही; दहा-बारा दिवस हात लावायचा नाही.

उसात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक वापरतात. त्याची मात्रा एकरी ३६ ग्रॅम आहे. ५०० चौरस फुटांच्या अंगणाला ती अर्धा ग्रॅमही भरत नाही. स्वयंपाकघरातल्या चमच्याने इतकं मोजता येत नाही, आणि जास्त पडलं तर पुढे लावलेली भाजी-फुलझाडं खुरटतात. शेतकऱ्याचं औषध म्हणून शेतात ते चांगलं आहे, अंगणात नको.

नवी माती, नवी फरशी

अंगण स्वच्छ झाल्यावर लव्हाळा परत येण्याचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे विकतची माती. ट्रॉली सांगण्यापूर्वी त्याच ढिगातली दोन घमेली माती आणून पसरट टबात घाला, पाणी द्या आणि उन्हात बारा दिवस ठेवा. तिधारी कोंब आले तर ती माती नको, कितीही तांबडी-सुंदर असली तरी. शेणखताचीही अशीच परीक्षा घ्या. कच्च्या शेणखतातून तणाचं बी येतं. काळं, भुसभुशीत, वास गेलेलं खतच घ्या.

नवी फरशी किंवा पेव्हर घालायचे असतील तर त्याखालची जमीनही तितकीच निवडून घ्या. लव्हाळ्याचा कोंब पेव्हरच्या सांध्यातून तर येतोच, पातळ डांबरातूनही आल्याची उदाहरणं आहेत. मुरमाच्या थराखाली विणलेली जाड वीड मॅट (तण अडवणारं कापड) अंथरा आणि दोन पट्ट्या एकमेकींवर किमान सहा इंच येऊ द्या. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, दहा फुटांना दीड इंच. जुनी फरशी काढल्यावर अंगण दोन-तीन इंच खाली गेलेलं असतं हे विसरून नवा थर घातला की पाणी मोरीच्या तोंडाशी न जाता मध्येच साचतं, म्हणून पातळी आधी दोरी आणि पाण्याच्या नळीने पाहून घ्या.

पहिल्या पावसानंतर दहा दिवसांनी खुरपं घेऊन फेरी मारा आणि सप्टेंबरअखेरपर्यंत दर बारा-चौदा दिवसांनी. पहिल्या पावसाळ्यात एवढ्या फेऱ्या झाल्या की दुसऱ्या वर्षी काम बरंच हलकं होतं. मात्र काही गाठी तीन-चार वर्षं टिकतात, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यातही लक्ष ठेवायचं. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून रिकाम्या वाफ्यात रताळ्याचे वेल किंवा चवळी दाट लावून टाका. चार इंच पालापाचोळा घातला तर लव्हाळा अडत नाही, पण माती मऊ राहते आणि गाठ खुरप्याला पटकन येते.

नर्सरीतून आणलेलं रोप लावण्यापूर्वी कुंडीच्या कडेची माती पाहा. तिधारी पातं दिसलं की वरून तोडू नका. मुळांचा गोळा पाण्याच्या बादलीत सोडून माती धुवून काढा, काळी गाठ शोधून वेगळी करा आणि मगच रोप जमिनीत लावा. धुतलेलं गढूळ पाणी वाफ्यात ओतू नका.